शिंक आली की पाय आवळायचे ते दिवस

बाळ साडेतीन महिन्यांचं झालं होतं आणि मी बऱ्याच दिवसांनी ओट्याशी उभी राहून आमटीला फोडणी देत होते. लाल मिरची जरा जास्तच तडतडली, ठसका लागला, आणि दोन-तीनदा खोकून होईस्तोवर सलवार ओली. थोडीथोडकी नाही, पार गुडघ्यापर्यंत ओघळ. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले, कारण हॉलमधे सासरे बातम्या बघत बसलेले आणि बाथरूमला जायचं तर त्यांच्या समोरूनच. शेवटी तांब्याभर पाणी मुद्दाम अंगावर सांडून घेतलं आणि "अगं बाई, सगळं पाणी सांडलं" असं मोठ्याने म्हणत गेले. ३१ वर्षांची बाई, ऑफिसात दहा जणांची टीम सांभाळते, आणि घरात ही नाटकं.

पण गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी, सहाव्या महिन्यात. तेव्हा शू वगैरेचा काही प्रश्न नव्हता, दुखत होतं ते पुढचं हाड, म्हणजे ओटीपोटाच्या अगदी खाली जिथे दोन्ही बाजूची हाडं जुळतात ना, तिथे. रात्री कूस बदलताना कोणीतरी आतून करवत फिरवतंय असं वाटायचं. जिना चढताना, गाडीतून उतरताना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे एका पायावर उभं राहून सलवार घालताना. गायनॅकना सांगितलं तर त्या म्हणाल्या होतं असं, डिलिव्हरी झाली की जाईल. त्यांचं चूक नव्हतं म्हणा, बऱ्याच जणींचं जातंच, पण मधले तीन महिने मी काय करायचं होतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिच्या फिजिओचा नंबर दिला, म्हणाली या बाई फक्त बायकांचंच बघतात, गुडघे-खांदे नाही. मला वाटलं असं पण असतं?

तर असतं. पुण्यात कर्वे रोडच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर छोटंसं क्लिनिक, बाहेर पाटीवर नुसतं फिजिओथेरपी लिहिलेलं, आत एक टेबल, एक मोठा निळा बॉल आणि प्लॅस्टिकचा कंबरेचा सांगाडा. त्या सांगाड्यात खाली लाल रबराचा पडदा बसवलेला होता. मॅडमनी तो माझ्या हातात दिला. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंना बसायच्या हाडांपर्यंत ही स्नायूंची झोळी ताणलेली असते, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्यावर टेकलेलं, आणि तिच्यातूनच तीन वाटा बाहेर जातात. हे पेल्विक फ्लोअर. बारावीपर्यंत बायोलॉजी घेतलेलं मी, बेडकाचे सगळे अवयव पाठ होते, आणि हे असं काही माझ्या आत आहे याची खबर ३० वर्षं नव्हती.

हाडाच्या दुखण्याला त्यांनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की राग आला, हे आधी कोणी का नाही सांगितलं. सलवार बसून घालायची. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून सगळं अंग एकदम वळवायचं, झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी. गाडीच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाकून बसायचं म्हणजे दोन्ही पाय एकत्र ठेवून सरकत वळता येतं. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनने सांध्यांचे बंध सैल होतात, वरनं वजन वाढलेलं, त्यामुळे एक पाय एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे झाला की तिथे ओढ बसते, इतकंच. दोन आठवड्यांत अर्धं दुखणं गेलं.

तेव्हाच त्यांनी श्वासाचं पण शिकवलं होतं. श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि ही खालची झोळीही थोडी खाली उतरते, सोडला की दोन्ही वर. नुसतं आवळायला नाही शिकवलं, सोडायला पण शिकवलं. ३५व्या आठवड्यापासून योनीच्या तोंडाशी तेल लावून अंगठ्याने मसाज कसा करायचा तेही सांगितलं, पहिल्या बाळंतपणात त्याने फाटण्याचा, टाक्यांचा धोका थोडा कमी होतो म्हणून. पोट एवढं पुढे आलेलं की हातच पोचेना, नवऱ्याला सांगायची लाज वाटली, तीन दिवस केला आणि सोडला. हे मी माझी चूक म्हणून लिहितेय.

दुसरी चूक मोठी होती. मॅडमच्या चार सिटिंग झाल्या आणि मला वाटलं समजलं सगळं, आता पैसे कशाला घालवायचे. फोनवर केगलचं, म्हणजे ही झोळी आवळायच्या व्यायामाचं, एक ॲप घेतलं. ते ॲप टिंग वाजवायचं, की आवळा. सिग्नलला आवळा, मीटिंगमधे आवळा, दात घासताना आवळा. दिवसाला १०० चं टार्गेट, आणि मी टार्गेट पुरं करणारी मुलगी. सोडायचं कधी ते ॲप सांगत असेलही, मी ऐकलं नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे माहेरी, सांगलीला. कळा पहाटे तीनला सुरू झाल्या आणि बाळ संध्याकाळी साडेपाचला. शेवटचा दीड तास उताणी झोपवून, हनुवटी छातीला लाव, श्वास धर आणि जोर लाव, जोर लाव, अजून, अजून. माझ्या जोराचं आणि माझ्या अंगाचं काही जमतच नव्हतं, मी जोर लावायचे आणि खालून सगळं उलट आवळलं जायचं. आता कळतं की ॲप घेतल्यापासून मी त्याचीच तर प्रॅक्टिस केली होती. शेवटी कट दिला, बाळ आलं, ३ किलो ४००. टाके किती ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नॉर्मल झाली म्हणून सगळ्यांना पेढे.

मग सव्वा महिना. ज्यांचं झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांचं नाही त्यांना सांगून कळणार नाही. सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या, आधी बाळ मग मी, मग कडकडीत पाण्याने अंघोळ, मग बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि पोटाला आईच्या जुन्या सुती साडीचा पट्टा, इतका घट्ट की जेवण वर येईल. मावशींच्या हाताला मात्र जादू होती, खोटं नाही बोलणार. आणि त्या एक गोष्ट रोज सांगायच्या, "उकिडवं बसू नगंस, कळशी उचलू नगंस, न्हाईतर अंग भाईर यील." मी मनात हसायचे, काहीतरी जुन्या समजुती. पुढे फिजिओ मॅडमनी प्रोलॅप्स म्हणजे काय ते समजावलं, की झोळी सैल पडली की मूत्राशय किंवा गर्भाशय खाली उतरतं, तेव्हा डोक्यात लख्ख झालं. अंग बाहेर येणं. आपल्या भाषेत याला शब्द होता, आयाबायांनी बघितलेलं होतं, काय करू नको तेही माहीत होतं. झाल्यावर काय करायचं तेवढं माहीत नव्हतं, मग झालं की गप्प बसायचं.

पहिले दोन दिवस शू लागल्याचं कळायचंच नाही. संडासला जायची तर इतकी भीती की चार दिवस गेलेच नाही, टाके उसवतील असं वाटायचं, आई रोज रात्री इसबगोल आणि गरम दुधात तूप देऊन थकली. दीड महिन्यांनी तपासणीला गेले. डॉक्टरांनी टाके बघितले, छान भरलेत म्हणाल्या. मी धीर करून विचारलं की शिंकताना थोडं होतं. फाइलवरनं मान वर न करता उत्तर आलं, "होतं सुरुवातीला, केगल करा." बाहेर ४० जणी बसलेल्या, त्यांना तरी वेळ कुठे. घरी येऊन मी पुन्हा ॲप उघडलं. पुन्हा १००.

आणि दर आठवड्याला बिघडत गेलं. शिंकेला गळायचं ते खोकल्याला, हसण्याला, बाळाला उचलताना गळायला लागलं. वर गंमत अशी की बाथरूममधे जाऊन बसलं तर शू सुरूच व्हायची नाही, नळ सोडून बसावं लागायचं. बसलं की उजव्या बाजूला टाक्यांपाशी टोचायचं, बाळाला पाजताना एका ढुंगणावर कललेली बसायचे. नवऱ्याजवळ जायचा एकदा प्रयत्न केला तेव्हा कळवळून रडलेच. तो बिचारा घाबरला, त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषयच काढला नाही. म्हणजे गळतंय पण आणि आखडलंय पण, हे एकाच वेळी कसं शक्य आहे ते कळेना. त्यात ती फोडणी. दुसऱ्या दिवशी मॅडमना मेसेज केला.

आता पहिल्या सिटिंगचं सविस्तर लिहिते, कारण लोक याच भीतीने जात नाहीत. आधी पाऊण तास नुसत्या गप्पा, म्हणजे प्रश्न. डिलिव्हरी कशी झाली, दिवसाला पाणी किती, शू किती वेळा, रात्री उठते का, संडासला जोर करावा लागतो का, खाली काही उतरल्यासारखं जड वाटतं का, संबंध आले का, दुखलं का. मग पोट तपासलं, उताणं झोपून डोकं जरासं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं ठेवली, पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंमधे अडीच बोटांची फट. मग म्हणाल्या, "आतून तपासायला लागेल, एक बोट, ग्लोव्ह आणि जेल. तुझी तयारी असेल तरच. आज नको वाटलं तर आज नाही, आणि मधेच थांब म्हणालीस की मी थांबणार." हे असं मला डिलिव्हरीच्या वेळी कोणीच विचारलं नव्हतं, तेव्हा तर जो येईल तो हात घालून बघून जात होता. डोळ्यांत पाणीच आलं एकदम. हो म्हणाले. अंगावर चादर होती, गुडघे उशीवर टेकवलेले, दार आतून बंद.

मॅडम घड्याळाच्या भाषेत बोलतात. पुढचं हाड म्हणजे १२ वाजले, मागची वाट म्हणजे ६. "आता ३ वर दाबतेय, दुखतंय का? नाही? ४? ५?" माझं सातला आलं आणि मी टेबलावरून उडालेच. तिथेच कट होता. नुसती चामडी नाही, आतला स्नायू दोरीसारखा ताठ. मग म्हणाल्या आवळ. मी सगळी ताकद लावून आवळलं, माझ्या मते. त्या म्हणाल्या पोट आत घेतलंस, ढुंगण आवळलंस, श्वास धरलास, आणि आत मला काहीच जाणवलं नाही, उलट थोडं खाली ढकललंस. शून्य ते पाच अशी एक मोजपट्टी असते म्हणे, शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे नुसती थरथर, पाच म्हणजे बोट घट्ट धरून वर ओढलं जाणं. नीट सांगून पुन्हा करायला लावलं तेव्हा माझे दोन. आणि ते पण तीन सेकंदांत ढेपाळलं. दिवसाला १०० करणारीचे दोन!

त्यांनी समजावलं ते असं, की टॉवेल आधीच पिळून ठेवलेला आहे, तो तू अजून पिळतेयस, तर पाणी कुठून निघणार. स्नायूला आवळायला जागा लागते, आधी तो सैल पडला तर पुढे आवळला जाईल. माझा दिवसभर अर्धा आवळलेलाच होता, भीतीने, दुखण्याने, त्या ॲपच्या टिंगने, म्हणून थकलेला पण आणि ऐन शिंकेच्या वेळी कामाला येत नव्हता. त्यामुळे पहिली ऑर्डर, केगल बंद. पूर्ण बंद. ॲप त्यांच्या समोर डिलीट करायला लावलं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही बरं का, त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा स्नायू खरंच सैल असतो आणि त्यांना पहिल्या दिवसापासून आवळायलाच देतात. कोणाचं कुठलं ते बोट लावल्याशिवाय कळत नाही, एवढाच मुद्दा.

घरी जाताना होमवर्क मिळाला, तीन दिवस शूचा हिशोब लिहायचा. मेडिकलमधून प्लॅस्टिकचं मापाचं भांडं आणलं, सासूबाईंना काय सांगायचं म्हणून टेरेसवरच्या झाडांच्या खताचं आहे असं सांगितलं. वेळ, किती मिली, घाई होती का, गळलं का. तीन दिवसांचा कागद बघून मीच चाट पडले. दिवसात १४ वेळा, आणि एकेकदा ९० मिली, ११० मिली. मूत्राशयात आरामात ३००-४०० मिली मावतं, दिवसात सात-आठदा जाणं पुष्कळ झालं. मी पाऊण-एक तासाने जात होते, कारण गळू नये म्हणून आधीच रिकामं करून ठेवायचं. आणि ही सवय काही बाळंतपणातली नाही, ती लहानपणापासूनची. घरातून निघताना आई म्हणणार जाऊन ये, लागली नसली तरी जाऊन ये, वाटेत कुठे मिळणार आहे. मिळालंच तर स्टँडवरचं, तिथे टेकायचं नाही, अर्धवट उभं राहून, मांड्या थरथरत, नाक दाबून, पटकन जोर लावून उरकायचं. मॅडम म्हणाल्या असं अधांतरी असताना झोळी सैल पडूच शकत नाही, मग तुम्ही जोर लावता, मग अर्धी आतच राहते. पुणे-सांगली एसटीने शेकडो वेळा गेलेय मी, दर वेळी तेच केलंय. महाराष्ट्रातल्या सगळ्या बायकांना एकदम शिक्षा झाल्यासारखी ही ट्रेनिंग आहे.

तर पहिला दीड महिना काय केलं, तर वरवर बघता काहीच नाही. कुशीवर झोपून, एक हात बरगडीवर ठेवून श्वास घ्यायचा आणि खालची झोळी फुलतेय असं जाणवू द्यायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, बाळाला पाजता पाजता. उताणं पडून दोन्ही गुडघे छातीशी घेऊन तळवे धरायचे, बाळं धरतात ना तसे. भिंतीला टेकून, ढुंगणाखाली दोन लोड घेऊन मलासनात, म्हणजे उकिडवं, बसायचं. मॅडम आठवड्यातून एकदा आतून त्या सातच्या जागेवर दाब देऊन धरून ठेवायच्या, आधी डोळ्यांपुढे तारे, मग मिनिटभराने एखादी गाठ सुटावी तसं काहीतरी विरघळायचं. टाक्यांच्या वणाचा मसाज घरी मीच करायचा होता, जे गरोदरपणात टाळलं ते आता दुप्पट करावं लागलं. आणि वरनं कोरडेपणा, अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं म्हणून तो येतो, त्यासाठी गायनॅकना विचारून क्रीम घेतलं. पोटाचा पट्टा सैल केला. घट्ट बांधलं की वरचा दाब खालीच जातो असं मॅडमचं म्हणणं. आईला फोनवर सांगितलं तर ती रुसली, म्हणाली आम्ही बांधला म्हणून आमची पोटं आत राहिली.

संडासचं पण ट्रेनिंग. आमच्याकडे कमोड आहे, तर पायाखाली बाळाचं पाट, गुडघे कंबरेपेक्षा वर, कोपर मांडीवर, आणि श्वास धरून कुंथायचं नाही, फुंकर घालत सोडायचं. हे ऐकून सासरे म्हणाले असते की यालाच तर देशी संडास म्हणतात. त्यांना अर्थातच काही सांगितलं नव्हतं.

घाईचं वेगळं. घराच्या दाराला किल्ली लावली की मला अशी जोरात लागायची की किल्ली फिरेस्तोवर जीव जायचा. त्यावर उपाय असा की पळायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, चार-पाचदा पटपट आवळून सोडायचं, १०० पासून सात-सात वजा करत उलटं मोजायचं, लाट ओसरली की मग शांत चालत जायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा ८६ ला हरले, दारातच. पण आठवडाभरात ७२ पर्यंत पोचले आणि मग मोजायची गरजच कमी होत गेली. १४ वरून ८ वर यायला साधारण दोन महिने लागले.

सातव्या सिटिंगला, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं असताना, मॅडम म्हणाल्या आता आवळ. आणि कसं ते इतक्या वेगळ्या शब्दांत सांगितलं. मागे गॅस अडवल्यासारखं करायचं आणि तीच ओढ पुढे पुढच्या हाडाकडे आणायची, श्वास सोडत. ढुंगण, मांड्या, जबडा सगळं ढिलं. आणि मग सोडायचं, पूर्ण, आवळायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट. पहिल्यांदा खरंच आत काहीतरी लिफ्टसारखं वर गेल्याचं मला स्वतःला कळलं, बोटाची गरज नाही लागली. आठ वेळा, दिवसातून तीनदा, बस. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमधेही निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने असंच आहे. माझे १०० कुठून आले देव जाणे. हां, आणि शू करता करता मधे थांबवून व्यायाम करायचा नाही, तो पूर्वी सांगायचे, त्याने मूत्राशयाचं गणित बिघडतं.

केगल हे माणसाचं नाव आहे हे मला तेव्हा कळलं. अमेरिकन गायनॅक, त्याने १९४८ मधे हे व्यायाम मांडले, आणि गंमत म्हणजे त्याने बायकांना नुसतं आवळा म्हणून नाही सोडलं, तर आत ठेवायचं एक यंत्र पण केलं, पेरिनिओमीटर, त्याच्या काट्यावर दिसायचं की बरोबर आवळतेय की नाही. काटा हरवला आणि नुसतं नाव उरलं असं झालंय.

शिंकेची युक्ती सगळ्यात कामाची. शिंक, खोकला, बाळाला उचलणं, या सगळ्याच्या अर्धा सेकंद आधी आवळायचं, मग शिंकायचं, मग सोडायचं. ऐकायला सोपं आहे, पण शिंक काय सांगून येते का? आठ-दहा दिवस मी नाकात तपकीर ओढल्यासारखी खोट्या शिंका देत घरभर फिरत होते. नवरा म्हणाला ॲलर्जीची गोळी घे.

आणि या सगळ्यात सासूबाई बघत होत्या. भाजी निवडता निवडता एकदा म्हणाल्या, "अगं हे तर मूळबंध. आमच्या बागेतल्या योगाच्या ग्रुपमधे रोज घेतात." खरंच की, हठप्रदीपिकेत आहे मूळबंध, केगलच्या कितीतरी शतकं आधी. मी विचारलं, आई, तुम्ही कसा करता? त्यांनी श्वास कोंडला, गाल फुगवले आणि मानेच्या शिरा ताठ केल्या. मला माझाच ॲपवाला अवतार दिसला. तेव्हा काही बोलले नाही. पण मग एकेक आठवत गेलं. नाटकाला गेलो की त्यांना कडेचीच खुर्ची लागते. गेल्या चार वर्षांत तुळजापूरला आल्या नाहीत, "तुम्ही जाऊन या, मला गाडी लागते" म्हणतात, आणि गाडी तर त्यांना कधी लागत नाही. कपाटात जुन्या सुती साड्यांच्या चौकोनी घड्या, धुऊन, इस्त्री करून. मला वाटायचं बाळासाठी.

बाळ सहा महिन्यांचं झालं त्याच आठवड्यात रात्री माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं, बाळाच्या दुपट्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग विचारलं, "तुझ्या त्या मॅडम साठीच्या बायका बघतात का गं?"

रिक्षात त्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या वेळी, १९९१ मधे. म्हणजे तीस वर्षांच्या वर. सासऱ्यांनाही माहीत नाही. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या व्यायाम देतेच, पण आधी गायनॅककडे जा, अंग बरंच खाली आहे. गायनॅकनी आत बसवायची सिलिकॉनची रिंग दिली, तिच्याने वर धरून राहतं, ऑपरेशन लगेच नको म्हणाल्या. रिंग बसवून बाहेर आल्या आणि कॉरिडॉरमधे दोनदा इकडून तिकडे चालल्या, काही न बोलता. मग म्हणाल्या, "चहा घेऊया?"

माझं म्हणाल तर एकूण ११ सिटिंग झाल्या, पहिली १,५०० ची आणि नंतरच्या ९००, मेडिक्लेममधे एक रुपया मिळाला नाही. बाळ आता १४ महिन्यांचं आहे. शिंक, खोकला, फोडणी ओके. मोजपट्टीवर चार. नवऱ्याजवळचं दुखणं गेलं, वेळ लागला पण गेलं. दोरीच्या उड्या अजून नाही जमत, परवा सोसायटीत पोरांच्या बरोबर मारल्या तर पाचव्या उडीला झालंच. धावणं मॅडमनी सहा महिन्यांनंतरच सुरू करायला दिलं, तेही एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल असं.

सासूबाई नियमाच्या पक्क्या. माझं कधी राहून जातं, त्यांचं नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी त्या रोज बारीक अक्षरात तीन वेळा "मू" लिहितात. मागच्या रविवारी सासरे चष्मा लावून दुधाचं बिल करत होते, त्यांनी विचारलं हे मू मू काय लिहून ठेवलंय सगळीकडे. सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मूग. भिजत घातले की लिहिते." त्यांनी मान डोलावली आणि बिलाची बेरीज पुढे चालू.